मानपूरच्या माळावरचे बंगले

इंदुराहून मुंबईकडे निघालेला आग्रा रस्ता महूची छावणी मागे टाकून विंध्याच्या कड्याशी येतो. तेथे घाट उतरून निमाडात शिरण्यापूर्वीचे शेवटचे मोठे गाव म्हणजे मानपूर. इंग्रजी अमदानीत हा एक चिमुकला ब्रिटिश परगणा होता. चोहोंकडे होळकर, शिंदे आणि धारकर पवार यांचे मुलूख आणि मध्ये हे इंग्रजी बेट, अशी त्याची गंमतीदार स्थिती होती. जवळच जानापावचा डोंगर आहे. चंबळा तेथे उगम पावते आणि लोकश्रद्धा त्या डोंगराला परशुरामाचे जन्मस्थान मानते. ज्याने समुद्र हटवून कोकण वसविले असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, त्याचे माहेर माळव्याच्या या काठावर असावे हे आमच्या कोकणी वाचकांस ऐकून बरे वाटेल.

परंतु आज मानपुराचे नाव आम्ही काढले ते पुराणासाठी नव्हे. राऊपासून महूपर्यंत आणि महूपासून खाली मानपुराकडे, आग्रा रस्त्याच्या दोन्ही अंगांस सोयाबीन व गहू पिकविणाऱ्या काळ्या शेतांतून चुन्याच्या रेघा पडत आहेत. प्रत्येक रेघेआड एक ‘प्लॉट’, प्रत्येक प्लॉटावर कागदावर रंगविलेला एक बंगला, बंगल्यापुढे हिरवळ, हिरवळीवर एक आई, एक बाप, दोन मुले. हे चित्र आमच्या मध्यमवर्गाला इतके गोड वाटते की त्यात काय नाही हे पाहण्याचे भान त्याला राहत नाही. त्यात आजी नाही, विहीर नाही, मोटारस्टँड नाही, दुकान नाही. आणि चित्रातल्या त्या दोन मुलांना वीस वर्षे झाल्यावर ती कोठे असतील, याचे उत्तर तर मुळीच नाही.

आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट करून ठेवतो. शहरापासून दूर, एका कुटुंबापुरते, केवळ राहण्याच्याच कामाचे, एका रस्त्यावर आणि एका कूपनलिकेवर जगणारे घर हे पुढच्या पन्नास वर्षांत सर्वांत आधी कोसळणारे घर आहे. भिंती उभ्या राहतील; कोसळेल ती त्याची उपयुक्तता, आणि तिच्यामागोमाग त्याची किंमत. निवृत्त शिक्षक, कारकून, गिरणीतील किंवा पिथमपूरच्या कारखान्यातील फोरमन अशा माणसांचा भविष्यनिर्वाह निधी या रेघांत ओतला जात आहे, म्हणून ही गोष्ट आम्हांला मोठ्याने सांगावीशी वाटते. श्रीमंताचा फार्महाउस बुडाला तर त्याचा एक छंद बुडतो. या माणसांचा मात्र जन्मभराचा संचय बुडेल.

इंदुरातील मराठी माणसाच्या घराची कुळकथा पाहिली तर त्याची ही हौस कोठून आली ते कळते. होळकरांबरोबर आलेली घराणी राजवाड्याभोवतीच्या वाड्यांत राहिली. पुढे रामबाग, तुकोगंज, स्नेहलतागंज या नव्या वस्त्यांत ती पसरली. त्यांच्यापैकी ज्यांना संस्थानच्या नोकरीत बरकत होती त्यांनी बंगले बांधले. बंगला हे संस्थानी प्रतिष्ठेचे चिन्ह होते आणि त्याच्याही मागे महूच्या छावणीतील साहेबाचा बंगला होता. त्या साहेबी बंगल्याची एक गोष्ट आमचे लोक विसरले. छावणीतील जुन्या बंगल्यांपैकी पुष्कळांची जमीन सरकारची आणि घर तेवढे धारकाचे, असा प्रकार असे. साहेब बदलून जाई आणि बंगला दुसऱ्या साहेबाकडे जाई. बंगला ही कुळाची वास्तू कधी नव्हतीच, ती एका हुद्द्याची सोय होती. ती सोय आपण घराण्याच्या शाश्वत ठेव्याच्या भावनेने उचलली आणि नाटकातला पोशाख लग्नातही घालावा तसे झाले.

तुकोगंजाचे पुढे काय झाले ते इंदुरात जाणाऱ्या कोणालाही दिसते. बंगले गेले, त्यांच्या जागी रुग्णालये, कचेऱ्या, दुकानांचे मजले आले. पुण्यात प्रभात रस्त्यावर आणि डेक्कन जिमखान्यावर तेच झाले. १९६३च्या मालकी सदनिका कायद्याने आणि १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने सदनिका विकत देण्या-घेण्याची वाट घालून दिल्यावर बंगलेवाल्यांच्या मुलांनी बंगले बिल्डरांस दिले आणि त्यांच्या जागी आठ-दहा बिऱ्हाडांच्या इमारती चढल्या. यात हळहळण्यासारखे आहे, ते आम्ही नाकारीत नाही. आंब्याची आणि पारिजातकाची झाडे गेली. परंतु एक लक्षात घ्या: तुकोगंजचा बंगला शहराच्या पोटात होता म्हणून त्याला दुसरा जन्म मिळाला. मानपूरच्या माळावरच्या बंगल्याला दुसरा जन्म देणारे शहर भोवती नाही. मूळ मालकाला तो नकोसा झाला, की तो कोणालाच हवासा असणार नाही.

आमचे इंदुरी मित्र येथे म्हणतील, शहर तेथे येत आहे. सुपर कॉरिडॉरकडे पाहा, मेट्रोकडे पाहा, मनमाडच्या रेल्वेकडे पाहा. पाहिले. ३१ मे २०२५ रोजी इंदुरात पहिली मेट्रो धावली ती सुमारे सहा किलोमीटरांच्या तुकड्यावर, आणि तोही शहराच्या वायव्येस विमानतळाच्या अंगाला, अर्ध्याअधिक मोकळ्या जागेतून. मानपूर दक्षिणेस सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. इंदूर–मनमाड लोहमार्गाला २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली हे खरे. ३०९ किलोमीटर लांबीचा तो मार्ग या मुलखाला फार उपकारक होईल अशीच आमची आशा आहे. पण रेल्वे स्थानकाशी थांबते, फाटकाशी थांबत नाही. स्थानकापासून पायी चालण्याच्या अंतरात दाट वस्ती, बाजार, शाळा असल्या तर रेल्वेने गाव उभे राहते. दोन-दोन हजार चौरस फुटांचे विरळ तुकडे असले तर स्थानकावर उतरलेला माणूस पुन्हा स्कूटर काढतो. मुंबईत पार्ले, दादर, माटुंगा हे रेल्वेने वाढले ते याच कारणाने की तेथे माणूस पायांनी घरी पोचत होता.

आता पाण्याकडे वळू, कारण घराचे आयुष्य शेवटी पाणी ठरविते. इंदूर शहराचे पाणी एकेकाळी यशवंत सागरासारख्या तलावांवर अवलंबून होते. ते पुरेना म्हणून १९७० साली लोकांनी नर्मदेसाठी मोठे आंदोलन केले आणि १९७८ साली नर्मदा इंदुरात आली. मंडलेश्वराजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरांचा पल्ला, तोही विंध्याचा कडा चढवून. तेव्हापासून इंदूर पीत आहे ते केवळ नदीचे पाणी नव्हे, वीज पीत आहे. पंपांचे वीजबिल हा त्या पालिकेच्या खर्चाचा कायमचा डोंगर आहे. एवढे मोठे शहर, एवढा कर, म्हणून हे परवडते. आता मानपुराचे स्थान पाहा. हे गाव जलविभाजकाच्या धारेवर आहे. जानापावच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब चंबळेतून यमुनेला जातो. दक्षिणेकडे पडलेला कड्यावरून उतरून नर्मदेला मिळतो. म्हणजे पाणी येथे पडते आणि दोन्ही दिशांनी निघून जाते. खाली बेसाल्टचा काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या थरांत जेवढे साठेल तेवढेच भूजल. शेतकऱ्याने आजवर या मुलखात जपून विहिरी खोदल्या, कारण त्याला खडक माहीत होता. प्लॉट विकणारा म्हणतो, ‘बोअरला पाणी भरपूर.’ पहिल्या दहा घरांपुरते ते भरपूर असेलही. शंभरावे घर बांधून झाले की पहिल्या घराचा पंप हवा ओढू लागतो, मग सगळे आणखी खोल जातात, मग टँकर येतो, आणि टँकरवाला रस्ता चढून आला की त्याचे भाडे त्यानेच ठरवावे लागते.

काळ्या मातीविषयी दोन शब्द. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि जमिनीला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात. हलक्या पायाच्या एकमजली घराला ही माती सर्वांत जास्त छळते, कारण जड इमारतीचा पाया तरी खाली मुरुमापर्यंत नेतात. यावर उपाय आहे. खाली फुगीर टोक असलेल्या खांबांचा पाया रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने कित्येक दशकांपूर्वी शिकविला. पण तो खर्च ‘स्वस्त आणि मस्त’ या जाहिरातीत बसत नाही. म्हणून पाचव्या वर्षी भिंतीवर तिरपी रेघ उमटते आणि मालक ती दरवर्षी प्लास्टरने झाकीत बसतो.

मग प्रवास. मानपुरात घर, इंदुरात नोकरी अशी जोडी पुष्कळांनी मनाशी जुळविली आहे. हिशेब अगदी साधा मांडू. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस. एकूण सव्वादोन हजार किलोमीटर. चांगल्या स्थितीतील मोटरसायकल लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाते असे धरले तर महिन्याला पन्नास लिटर पेट्रोल, आणि लिटराचा भाव शंभर रुपयांच्या वर. पाच हजार येथे गेले. त्यात टायर नाहीत, दुरुस्ती नाही, आणि मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली की लागणारी दुसरी गाडी नाही. वेळेचा हिशेब याहून वाईट. रोजचे तीन तास म्हणजे महिन्याचे पंचाहत्तर. कामाच्या आठ तासांच्या दिवसाने मोजले तर महिन्यातले नऊहून अधिक दिवस माणूस केवळ रस्त्यावर मजुरी करतो, आणि या मजुरीचा पगार त्यालाच द्यावा लागतो. जी जमीन शहराहून स्वस्त वाटली तिची उरलेली किंमत अशी हप्त्याहप्त्याने पेट्रोलपंपावर फेडली जाते. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल आवळले तेव्हा अमेरिकेच्या उपनगरांनी पंपांपुढे रांगा लावल्या होत्या. आपण तर तेल बहुतांशी बाहेरून आणतो. आखातात एखादी सामुद्रधुनी अडली तर मानपूरच्या माळावर दूध महाग होईल, अशी ही रचना आहे.

विजेच्या गाड्या आल्या, आता पेट्रोलची भीती काय, असे तरुण मंडळी विचारतात. पेट्रोलचा प्रश्न त्या काही अंशी सोडवतील. तीन तासांचा प्रश्न त्या कशा सोडवतील?

या सर्वांहून दुष्ट गोष्ट कागदांची. इंदुरात प्लॉटांचा व्यवहार कित्येकदा ‘डायरी’वर होतो. म्हणजे वसाहतीला अधिकृत मंजुरी नाही, रेरात नोंदणी नाही. दलालाच्या वहीवर नाव व रक्कम लिहिली जाते आणि तो कागद सोन्यासारखा हातोहात विकला जातो. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने जे बंद व्हावयाचे होते ते वहीच्या पानाआड चालू राहिले. शेताचे ‘डायव्हर्शन’ झाले आहे काय, विकास परवानगी आहे काय, मूळ जमीन आदिवासी कुळाची तर नाही (मध्य प्रदेशच्या १९५९च्या भूराजस्व संहितेचे १६५वे कलम अशा जमिनीच्या हस्तांतरणावर कडक निर्बंध घालते, आणि मानपुराच्या आसपास भिल्ल-भिलालांची वस्ती जुनी आहे), हे प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक ‘शंकेखोर’ ठरतो. महाराष्ट्रानेही असेच गुंठेवारीचे तुकडे आधी पडू दिले आणि मग २००१ साली ते नियमित करण्याचा कायदा केला. नियमित होणे म्हणजे शिक्का मिळणे. रस्ता, गटार आणि पाणी शिक्क्याबरोबर येत नाही.

आणि ते आणणार कोण? मानपुराला नगर परिषद आहे, पण माळावरच्या कित्येक वसाहती तिच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या अमलात पडणार. २०१७पासून इंदूर देशातील स्वच्छतेच्या सर्वेक्षणात अग्रभागी आहे, याचा तेथील प्रत्येकाला रास्त अभिमान आहे. पण दारोदार फिरणारी ती कचऱ्याची गाडी महापालिकेची आहे, तिची हद्द आहे. आम्ही एक कागदी वसाहत आखून पाहिली. तीस फूट दर्शनी रुंदीचे शंभर प्लॉट, पन्नास एका अंगास आणि पन्नास दुसऱ्या. त्यांच्यामधला रस्ता पंधराशे फूट लांब झाला. तेवढेच गटार, तेवढीच नळवाहिनी, तेवढेच दिवे. निम्मे प्लॉट गुंतवणुकीसाठी घेऊन रिकामे ठेवले (आणि ते ठेवले जातातच) तर पन्नास घरांच्या करातून ते सर्व राखावयाचे. वाड्याच्या किंवा चाळीच्या वस्तीत पंधराशे फुटांच्या गल्लीवर याच्या कितीतरी पट बिऱ्हाडे असतात. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांनी डांबर उखडेल, नळ फुटेल, तेव्हा ते पुन्हा घालण्याइतका पैसा या विरळ वस्तीतून कधीच उभा राहणार नाही. पहिला रस्ता विकणाऱ्याने प्लॉटाच्या किमतीत घालून दिला होता. दुसरा रस्ता कोणाच्याच हिशेबात नाही.

यावर हमखास उत्तर येते: ‘जमिनीचा भाव कधी उतरत नाही.’ हे वाक्य अमेरिकेत डेट्रॉइटमध्येही म्हटले गेले असेल. १९५० साली त्या शहरात साडेअठरा लाख माणसे होती आणि त्यांचा फार मोठा भाग स्वतंत्र, अंगणवाल्या घरांत राहत होता. २०२० साली साडेसहा लाखही उरली नाहीत. मोटारीचा धंदा हलला, पैसेवाले आणखी दूर गेले, आणि रस्तेच्या रस्ते ओसाड पडून घरे पाडावी लागली. जपानात तर युद्ध नाही, दुष्काळ नाही. केवळ मुले कमी झाली आणि ती टोकियोकडे गेली. २०२३च्या पाहणीत तेथे सुमारे नव्वद लाख घरे रिकामी आढळली, दर सातांतले जवळपास एक. त्यांच्यासाठी जपानी भाषेत ‘आकिया’ असा स्वतंत्र शब्दच रूढ आहे.

गोव्याच्या वाचकांस जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही. २०११च्या जनगणनेत गोव्यातील दर पाच घरांपैकी सुमारे एक घर रिकामे होते. त्यांतली काही दिल्ली-मुंबईकरांनी सुटीपुरती घेतलेली, आणि काही आपल्याच मंडळींची. वसरी, राजांगण, तुळस, मागे परसू आणि माड, सर्व जागच्या जागी. दाराला मात्र कुलूप. पोर्तुगीज नागरी संहितेने सर्व मुलामुलींना वारसा दिला हे न्यायाचेच झाले. पण इन्व्हेंटरी होऊन वाटणी झाली नाही की तिसऱ्या पिढीत एका घराला तीस-चाळीस वारस होतात, एक कानडात, एक पोर्तुगालात, एक दुबईत, आणि सर्वांच्या सह्यांवाचून कौलही बदलता येत नाही. २०१२चा गोव्याचा वारसा कायदा हेच निस्तरण्यासाठी आला. ही गत झाली त्या घरांची, जी दहा-वीस माणसांसाठी, कुळागराच्या उत्पन्नावर, देवळाच्या किंवा चर्चच्या वाड्यावर उभी होती! त्यांना निदान गाव होता, देव होता, गणपतीला परत येण्याचे निमित्त होते. मानपूरच्या माळावरच्या प्लॉट क्रमांक सत्त्याऐंशीला परत येण्याचे निमित्त काय?

हा प्रश्न आम्ही उपहासाने विचारीत नाही. इंदूरच्या मराठी घरातील मुले आज पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला जातात आणि बरेच करतात. मागे राहतात साठीचे नवरा-बायको. दहा वर्षांनी त्यांतले एक. गुडघे दुखू लागले, रात्री मोटारसायकल चालवणे सुटले, मोठ्या दवाखान्यासाठी महू किंवा इंदूर गाठणे आले, आणि बंगला विकू म्हटले तर भोवती त्याच वेळी त्याच वयाच्या माणसांचे आणखी तीस बंगले विकाऊ. एकाच वर्षी, एकाच वयाच्या, एकाच उत्पन्नाच्या लोकांनी वसविलेली वस्ती एकाच वर्षी म्हातारी होते. जुन्या गल्लीत असे होत नाही. तेथे एकाच जिन्यावर बाळंतीण असते आणि पेन्शनरही असतो. एकाकी म्हातारपण माणसाला कोठेही गाठील, परंतु जेथे हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर दुसरे दार नाही तेथे ते वेगळ्याच प्रकारे गाठते.

मग काय, सर्वांनी पंधराव्या मजल्यावर जावे? तो उपदेश आम्ही करीत नाही. उंच इमारतीची लिफ्ट, तिचा देखभालखर्च आणि पन्नास वर्षांनंतरचा पुनर्विकास हे सर्व वेगळे संकट आहे, आणि आमच्यात अजून अंगणाशिवाय न झोपणारी माणसे आहेत. शिवाय जमिनीला लागून घर हवे ही मागणी मुळीच अनैसर्गिक नाही. जिचा रोग आम्ही सांगत आहो ती वस्तू अंगण नव्हे; तो आहे एकटेपणा आणि ताठरपणा. घर वाटता येत नाही, वाढवता येत नाही, भाड्याने अर्धे देता येत नाही, पुढच्या खोलीत दुकान काढता येत नाही, ही त्याची खरी कमजोरी.

याचा पुरावा अमेरिकेतच आहे. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाची वसाहत १९४७ पासून चार-पाच वर्षांत उभी राहिली; सतरा हजारांहून अधिक घरे, सगळी साच्यातून काढल्यासारखी. समीक्षकांनी तिला तेव्हाच मृत ठरविले होते. ती टिकली. कारण तेथल्या लोकांनी माळे भरले, खोल्या वाढविल्या, बाजू काढल्या, आणि आज मूळ रूपातील घर शोधावे लागते. शिवाय जवळ नोकऱ्यांचे महानगर होते.

पण आम्हांला याहून चांगले उदाहरण इंदुरात, त्याच आग्रा रस्त्यावर, फक्त देवासच्या बाजूस मिळते. बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी १९८०च्या दशकात आखलेली अरण्य वसाहत ती. सुमारे पंच्याऐंशी हेक्टरांत साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, तेही बहुतांश लहान, मजुरांना परवडणारे. दोशींनी पुरे घर दिलेच नाही. जोते, नळ, संडास आणि एखादी खोली दिली. बाकी मालकाने ऐपतीप्रमाणे चढवावे. नमुन्याखातर ऐंशी घरे बांधून दाखविली, जिन्याला ओटा, ओट्याला दुकान, वर गच्ची, गच्चीवर पुढे खोली. १९९५ साली या वसाहतीला आगाखान पारितोषिक मिळाले, २०१८ साली दोशींना प्रित्झ्कर. मूळचे सर्वच गरीब मालक तेथे टिकले नाहीत, काहींनी विकले, काहींनी दोशींच्या कल्पनेहून जास्त मजले चढविले. चढवू द्या! घर चढते आहे, विकले जाते आहे, दुकान होते आहे, म्हणजे ते जिवंत आहे. जमिनीला लागून असलेले स्वतंत्र घर आणि दाट गल्ली यांत वैर नाही, हे त्या वसाहतीने चाळीस वर्षांपूर्वी आमच्या डोळ्यांदेखत दाखविले, आणि तरीही आमचे मध्यमवर्गीय लोक ती ‘गरिबांची स्कीम’ म्हणून तिच्याकडे पाठ करून मानपूरची जाहिरात वाचतात.

दुसरे उदाहरण आमच्या कोकणी वाचकांच्या घरचे आहे. मुंबईत गावदेवीला १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. मालक संस्था आणि सभासद तिचे भाडेकरू, ही त्या रचनेची गुरुकिल्ली. तेथे वारसांचा कलह घराच्या कौलापर्यंत पोचत नाही, दुरुस्तीचा निधी एका विधवेच्या पर्सवर अवलंबून राहत नाही, आणि छप्पर गळले तर ते सर्वांचे गळते. शंभर वर्षे उलटून गेली, संस्था आहे. माळावर जमीन घेणाऱ्या वीस मराठी कुटुंबांनी अशी संस्था काढून मधोमध एक विहीर, एक तळे आणि सामाईक भिंतींची घरे बांधली तर आमचा निम्मा विरोध तेथेच संपेल. पण ‘भिंत सामाईक’ म्हटले की आमच्या लोकांच्या कपाळाला आठी पडते. वाड्यातून निघून ज्याच्यासाठी इतका खटाटोप केला ते हेच, असे त्यांना वाटते. वाड्यात जे सोसले ते आम्हांलाही ठाऊक आहे. सामाईक मोरी आणि काकूंचे कान यांची स्तुती करावयास आम्ही निघालेलो नाही.

१९१८ साली पॅट्रिक गेडीस यांनी इंदूर दरबाराला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. प्लेगने पिळलेले ते शहर. तेथे सरसकट पाडापाडी न करता जेथे गाठ आहे तेथेच जपून शस्त्र चालवावे आणि बाकीची जुनी वस्ती राखावी, हा त्यांचा आग्रह. नव्या बागांच्या वस्त्याही त्यांनी सुचविल्या, पण शहराला लागून, गिरण्यांना लागून, माणूस कामावर चालत जाईल अशा. पुढच्या शंभर वर्षांत आपण त्यांच्याकडून बाग तेवढी उचलली आणि चालण्याचे अंतर सोडून दिले.

म्हणून महानगर प्रदेशाचे नवे नकाशे आखणाऱ्यांकडे आमची मागणी आहे, आणि ती ग्राहकापेक्षा आधी त्यांच्याकडे आहे. ज्या वसाहतीपर्यंत दिवसभर बस जात नाही आणि जिच्या पाण्याचा उगम खडकाच्या भेगेखेरीज दाखविता येत नाही, तिला परवानगी देऊ नका. ज्या आहेत त्यांत एका प्लॉटावर दोन-तीन स्वतंत्र बिऱ्हाडे, पुढे दुकान, दवाखाना, शिकवणी यांना कायद्याने मुभा द्या, म्हणजे एकाकी पेन्शनरला खालचा भाग भाड्याने देऊन वर राहता येईल. दुसऱ्या रस्त्याचा आणि दुसऱ्या नळाचा पैसा वसाहत विकणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी ठेव म्हणून घ्या. आणि मानपूर वाढवावयाचेच असेल तर महामार्गाच्या कडेने शेतांत न वाढविता गावाच्या पोटात वाढवा. ते जुने पेठेचे गाव आहे, त्याला शाळा आहे, बाजार आहे, नगर परिषद आहे, आणि तेथे घर घेणारा माणूस निदान मीठ आणायला गाडी काढणार नाही. ज्यांनी वहीच्या पानावर पैसे गुंतविले आहेत त्यांनी मात्र नकाशाची वाट पाहू नये. मंजुरीचा कागद, रेराचा क्रमांक, जमिनीचा मूळ धारक आणि उन्हाळ्यातले, म्हणजे मे महिन्यातले, पाणी, एवढे या पावसाळ्यापूर्वीच जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे.